करवंदीचं मूळ

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या कुंपणाला
करवंदी लावल्या होत्या, चोर येऊ नयेत म्हणून.
फळं धरतील हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

वैशाखात फरशीभर जांभळे डाग.
नोटीस लागली : सोमवारी झुडपं काढणार.

शनिवारी वॉचमनची बायको,
बुधी हिलम, मुळशीकडची,
खुरपं घेऊन कुंपणाशी बसली.
गेटवरच्या कुत्र्याच्या कानामागं जखम,
आत अळ्या वळवळत होत्या.
आम्ही सगळे नाक दाबून फोन नंबर शोधत होतो.

तिनं मूळ खणलं,
उरलेल्या टाइलच्या पाठीवर उगाळलं,
पदरानं त्याचं तोंड बांधून
जखमेत बोटानं भरलं.
"आजा भरायचा बैलांच्या शिंगात."
तुमचे बैल होते?
"आमचे कुठले! पाटलाचे."

मग हात धुऊन पोरांना करवंदं वाटली.
चावून दाखव, कोंबडा का कोंबडी?
माझी निघाली लाल. कोंबडा.
बासष्टाव्या वर्षी मी उगाच खूश.

सोमवारी कटर आला.
मी गॅलरीतून पाहिलं. खाली उतरलो नाही.
ती मात्र मुळं वेचत राहिली, चुलीला सरपण वेचावं तशी,
आणि कान वाळलेला कुत्रा तिच्या मागे मागे.

जाताना एक तुकडा मला दिला, पेपरात गुंडाळून.
ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या खणात आहे.
किती उगाळायचं, कशात,
विचारायचं राहून गेलं.