व्हॉल्व्हची वही

आधी नुसती तार लाल होते,
थंडीत कानाची पाळी व्हावी तशी.
मग काचेच्या पोटात नारिंगी उजेड धरतो
आणि ट्रान्सफॉर्मर घसा खाकरल्यासारखा
एकदाच घुमून गप्प बसतो.
वीस मिनिटं मी काहीच लावत नाही.
तापू देतो.
दुधापाशी उभं राहावं तसा उभा राहतो.

आठ वॉट.
एवढ्यात जिन्यातला बल्बही धड पेटत नाही.
त्यासाठी मी दवाखान्याची खुर्ची विकली,
बत्तीस वर्षं रोझ्नोवच्या दाढा उपटून साठलेलं
बरंचसं घालवलं.
हाना म्हणाली, एवढ्यात छप्पर झालं असतं.
खरंच झालं असतं.
पाऊस आला की माडीवर पत्र्याची बादली ठेवतो आम्ही,
आणि चेलो अगदी हळू झाला की
टप्प,
नेमकी सम चुकवून.

चार व्हॉल्व्ह, जुन्या साठ्यातले.
प्रत्येकाचं आयुष्य, धरून चाला, तीन हजार तास.
म्हणून वही.
तारीख, तास, मिनिटं, आणि शेवटच्या रकान्यात शिल्लक.
संध्याकाळी दोन तास, वर एक मिनिट नाही.
पाहुणे आले तर एकच.
कधीकधी रेकॉर्ड फिरत असते
आणि मला फक्त वजाबाकी ऐकू येते.

नोव्हेंबरात तिसऱ्यानं कुरकुर धरली.
व्हायोलिन उंच गेलं की आतून किणकिणायचा.
दुखरी दाढ कुठली, हे मी कवळीवाल्यांनाही सांगितलंय,
पण इथे हात घालायची हिंमत होईना.
हाना म्हणाली, खालच्या यार्मिलाबाईंना विचार.
नदीकाठच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं ग्रीड गुंडाळत होत्या त्या.

आल्या. पाय पुसले.
रेकॉर्डच्या कपाटाकडे पाहिलंही नाही.
पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकानं
काचेला हलकी टिचकी दिली,
स्पीकरमध्ये बारीक घंटा वाजली.
"हा शुक्रवारचा," त्या म्हणाल्या.
"केसाहून बारीक तार, भिंगाखाली वेढे मोजायचे,
आणि मन चारच्या बसमध्ये.
मरणार नाही तो. बोलत राहील.
माणसं नाही का बोलत?"

यांच्यातून कधी काही ऐकलंय तुम्ही?
"आम्ही काटा बघायचो.
काटा हिरव्यात आला की पुढचा."

मग काय लावू, विचारलं.
मनात चेलो काढून ठेवला होता.
त्या म्हणाल्या, रेडिओ.
दुपारी नद्यांचं पाणी सांगतात ना, ते.
बाबा बंधाऱ्यावर होते.

ट्यूनर जोडला.
बेच्वा, मेझिरिची, एकशे बारा सेंटिमीटर, उतरती.
मोरावा, ओलोमोउत्स, एकशे चाळीस, स्थिर.
आकड्याआधीचा श्वास.
टाळूवरून सुटणारी कोरडी जीभ.
कागद उलटला, तेव्हा त्याचा जाडपणासुद्धा.
निवेदकाच्या पुढच्या दातांत फट आहे, हे मला
त्याच्या 'स'वरून कळलं,
आणि तो माणूस आमच्या खोलीत
ओल्या कोटासह उभा राहिला.

यार्मिलाबाईंनी दोन्ही हात
व्हॉल्व्हच्या वर धरले, शेकायला.
बोटं सांध्यांत वाकलेली.
कुणाला मी इतकं जवळ येऊ देत नाही.
काही बोललो नाही.

नद्या संपल्या. मग हवामान.
मग गावातला पितळी बँड, बेसूर.
मग कुणी तरी मधमाश्या हिवाळ्यात काय करतात ते सांगत राहिला.
हानानं खसखशीचा केक आणला,
तिघांनी ट्रान्सफॉर्मरवर बशा ठेवून खाल्ला.
बाहेर अंधारलं, दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही,
चार काचांचा उजेड पुरला.

त्या गेल्यावर बटण बंद केलं.
निवताना काच बराच वेळ टिक, टिक करत होती.
वही उघडली.
बुधवार. चार तास दहा मिनिटं. नद्या.
शिल्लकेच्या रकान्यात
खसखशीचा एक दाणा चिकटला होता.
तो तसाच ठेवून
वही मिटली.