पाळी

साक्रीच्या तहसील कचेरीत, वरच्या मजल्यावर
परवा एक सुनावणी झाली.
विषय : तारेतून काय जावं, किती वेगानं,
आणि ते ठरवावं कुणी.
मी तिसऱ्या रांगेत, खिशात टेस्टर,
तीनशे बारा जोडण्यांचा धनी.

धुळ्याहून आलेले साहेब म्हणाले, नियम हवा.
मोठ्या कंपनीचा माणूस म्हणाला, बाजार आपोआप शिकतो.
हिलाल मास्तर उठले :
शिकेल हो बाजार, त्याची फी कोण भरणार?
हशा झाला. चहा आला.
मग माझी पाळी.

तावातावानं बोललो.
साहेब, तुमचा अर्ज अठ्ठावीस पानांचा,
माझ्याकडे एक शिडी आणि एक पोऱ्या.
खांब वीजवाल्यांचे, भाडं माझं,
माकडं तार ओढतात ती कुठल्या कलमात बसवू?
गेल्या साली मिरवणुकीत एक दगड फिरला
तर तुम्ही एका कागदावर आख्ख्या तालुक्याचं नेट बंद केलंत,
तीन दिवस. शिव्या मी खाल्ल्या.
दार ज्याच्या हातात, पाण्याचा कायदाही त्यानंच करायचा?
टाळ्या पडल्या.
खोटं का बोलू, बरं वाटलं.

परतताना पांझरेच्या पुलावर गाडी थांबवली.
खाली जुना बंधारा, अर्धा गाळात.
माझा आजा उखा या पाटाचा पाटकरी होता.
पगार धान्यात, हत्यार फावडं,
घड्याळ नाही, काठीची सावली मोजायचा.
पहिल्या वाफ्याला जेवढं तेवढंच शेपटाला.
ऊस असो, भुईमूग असो,
पाण्यानं पिकाचं नाव विचारायचं नाही.
दुष्काळात एखादा फड सगळाच कोरडा ठेवायचे,
प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात,
म्हणून तहानही वाटली जायची.

हे सरकारनं लिहिलेलं नव्हतं.
पण नुसत्या चांगुलपणावरही चालत नव्हतं.
पाटकरी चुकला तर चावडीवर उभा राहायचा.
आजा एकदा राहिला,
एका मळ्यात रात्री दोन घटका जास्त सोडल्या म्हणून.
ते आमच्या घरात कुणी सांगत नाही.

माझं मी सांगतो.
रात्री नऊ ते अकरा
बियाणंवाल्या नानाभाऊंच्या बंगल्यावर मॅच चालते,
अडकता कामा नये, त्यांचे महिना दोनशे जास्त.
म्हणून मी मोबाईलवर एक आकडा खाली सरकवतो,
नाल्यापलीकडच्या वस्तीचा.
चिखल नाही, फावडं नाही,
अंगठा पुरतो.
एकोणतीस घरं. त्यांना वाटतं तार जुनी झाली.

मालच्यांची रोशनी नर्सिंगचा अर्ज भरत होती.
शेवटची तारीख. फोटो चढेना.
पावणेअकराला फोन आला,
'भाऊ, नेट काबर चाली नही ऱ्हायनं?'
मी म्हणालो, वरतूनच प्रॉब्लेम शे, ताई.
वर म्हणजे आमच्याकडे
धुळे, मुंबई, देव, काहीही असू शकतं.
तिनं पुढं विचारलं नाही.
अर्ज गेला की राहिला, मीही नाही विचारलं.

आता अर्ज समोर आहे, अठ्ठावीस पानी.
जवळजवळ प्रत्येक पानाशी भांडता येतं मला,
दंडाशी, ठेवीशी, त्या तीन प्रतींशी.
एकोणिसाव्या पानावर एक ओळ :
ग्राहकाग्राहकांत भेद करणार नाही.
पुढं सहीची रिकामी जागा.
तिच्याशी काय भांडू?
समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं,
'साहेब, मी चुकलो तर चावडी आहे.
तुम्ही चुकलात तर कुठं उभे राहाल?'
मग वाटलं, खोडावं. खोडलं नाही.
सहीही केली नाही.

नऊला पाच कमी.
नानाभाऊंचा मिस्ड कॉल.
बाहेर पोऱ्या शिडी भिंतीला टेकवतोय,
खांबावरचा हिरवा दिवा लुकलुकतोय,
आणि माझा अंगठा
काचेपासून बोटभर वर.