ओव्हर

पुराचं सामान हिवाळ्यात घ्यावं.
नदी घाटाच्या शेवटच्या पायरीखाली झोपलेली असते,
पोरं वाळूत स्टंप रोवतात
आणि विकणाऱ्यालाही आठवत नाही
जुलैत याच वस्तूचे आपण किती सांगितले होते.

म्हणून मी पौषात मिरजेला गेले.
बोट क्लबाची खजिनदार, पिशवीत पावतीपुस्तक
आणि तीन कोटेशनं : एक पुण्याचं, एक कोल्हापूरचं,
एक माझंच, खोटं, सगळ्यांत कमी.

बाबालाल मुजावरकडे बंद पडलेल्या साखर कारखान्याचे
वॉकीटॉकी आले होते. आठ हँडसेट, एक बेस, चार्जरांचा गुंता.
काट्यावरच्या गाड्या एकेकाळी यांवरून पुकारल्या जायच्या.
एका सेटच्या जाळीला अजून मळीचा वास.
"पद्माक्का, नवे घ्यायला गेलात तर..."
हे वाक्य मी पुरं होऊ देत नाही.
नव्याचा भाव ऐकला की जुनं स्वस्त वाटायला लागतं.

बॅटऱ्या काढून तारखा पाहिल्या. तीन फुगलेल्या.
मागचे नंबर उतरवले, परवान्याला लागतात.
म्हटलं, पक्कं बिल धरून सांग.
"बावन्न हजार."
मी पिशवी उचलली नाही.
पिशवी उचलणं आता सगळ्यांनाच कळतं.

आमचे अण्णा हळदीच्या सौद्यात.
रुमालाखाली हात, बोटांवर भाव,
वर दोन्ही चेहरे रिकाम्या पोत्यासारखे.
मुलीचा हात त्या रुमालाखाली जात नसे.
मी घरी शिकले, रात्री, गोधडीत,
त्यांची पिवळी बोटं माझ्या तळव्यावर :
चार बोटं, मग मूठ, मग नुसताच एक दाब.
हा दाब म्हणजे किती, अण्णा?
"काहीच नाही. समोरच्याला वाटू दे, काहीतरी आहे."

"आधी वाजवून बघू," मी म्हटलं.
बाबालाल स्कूटरवरून हरिपूरला, संगमाच्या पायरीवर.
मी आयर्विन पुलाच्या मध्यावर.
उरलेले सहा सेट घेऊन क्लबाची पोरं सांगलवाडीच्या काठाने.
खरखर. मग एकदम शेजारी उभा असल्यासारखा :
"येतंय का ऐकू, अक्का? ओव्हर."
"येतंय. तीस. ओव्हर."

या यंत्राची एक गंमत आहे,
एकाने बटण दाबलं की दुसऱ्याला गप्प बसावंच लागतं.
दुकानात ही सोय नव्हती.
"अठ्ठेचाळीस. ओव्हर."
"तीन फुगल्यात. बत्तीस. ओव्हर."
"बेचाळीस, अँटेना माझ्याकडून. ओव्हर."
मधेच नेमगोंडा, "अक्का, आटपा की, ऊन लागतंय,"
आणि मागे सिद्रामचं हसू.
भाव असा उघड्यावर, सहा पोरांच्या कानात.
अण्णांनी तोंड फिरवलं असतं.

मग मी बटण दाबलं
आणि बोललेच नाही.
वारा गेला असेल, एखादी एस.टी. गेली असेल,
खाली कुणीतरी धुणं आपटत होतं, तेही गेलं असेल.
अंगठा पांढरा पडेपर्यंत धरलं.
सोडलं.
हरिपूरकडून बराच वेळ नुसती खरखर.
"छत्तीस," तो म्हणाला,
आणि ओव्हर म्हणायला विसरला.

दोन हजार जास्तच गेले असं मला अजून वाटतं.
कोल्हापूरवाला चौतीसला आला असता,
पण त्याने फुगलेल्या तीन बदलून दिल्या नसत्या,
तेही एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती, न मागता.

ऑगस्टात मोबाईलचे टॉवर गेले, त्या रात्री
त्याच पुलावरून सिद्राम बोलला,
"एकोणचाळीस फूट चार इंच. ओव्हर."
वही उघडून मांडलं.
सवयीने तोंडात आलं होतं,
थोडं कमी कर.
मग म्हटलं, कळलं. ओव्हर.