नमुना क्रमांक चौदा

भेंडीटोल्याच्या डोंगरात मावळतीकडून शिरलो.
आधी खडक करडा, चुना जास्त,
काळं अभ्रक ठिपक्याठिपक्यांनी.
मग पोटॅश वाढत गेलं, लोह विरत,
आणि खिंडीपलीकडे दगड
कोवळ्या हिरडीसारखा गुलाबी.

परतताना पिशव्या ओढ्यात पडल्या.
अंक धुऊन निघाले.

सुकवंता बेलदारीण, पाटे टाकणारी,
एकेक गोटा वाजवत बसली:
"हा ठस्स बोलते, मावळतीचा.
हा टाकीचं तोंड खाते, पार तिकडचा."

महिन्यानं नागपूरहून आकडे आले.
सिलिका तिच्याच क्रमानं चढलेली,
फक्त चौदावा
कशातच न बसणारा.

"थो माया माहेरचा, चुलबंदकाठचा.
एक वाहून गेल्ता,
तुमची गिनती भरावी मनून..."

आलेखावरचा तो ठिपका
अजून खोडला नाही.