बारा तारखेचा आठवडा

ज्या आठवड्यात बारा तारीख येते
तो एकच आठवडा मोजायचा, असा नियम आहे.
म्हणून त्याच्या पुढच्या आठवड्यात मी टिल्डनभर फिरते.
काखेत लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्र,
प्रश्न तोंडपाठ.

निळं घर चार महिने माझ्या यादीत,
मग आठ महिने नाही,
मग पुन्हा चार. हाही नियमच.

डेल्मर ह्रुस्का, वय त्रेपन्न.
सत्तावीस वर्षं बरण्यांची झाकणं दाबणाऱ्या यंत्रावर.
"मार्चमध्ये कारखान्याने स्वतःलाच झाकण लावलं,"
तो म्हणाला. हा विनोद त्याने आधीही
बऱ्याच जणांना सांगितला असावा.

गेल्या आठवड्यात पैशासाठी काही काम केलंत?
एक तास तरी?
"पोर्च रंगवला."
कुणाचा?
"माझाच."
तो धरत नाहीत, मी म्हणाले.
तो पोर्चकडे बघत राहिला, जणू मी त्याला तो नाही म्हणाले होते.

दुसऱ्या महिन्यात त्याने शेजारच्या ओडेसा टिब्स बाईंचं
गवत कापलं होतं.
पैसे दिले त्यांनी?
"पीचचा मुरंबा."
आत जाऊन बरणी घेऊन आला, झाकण उलटं करून दाखवलं.
कडेला बारीक ७.
"सात नंबर. माझं यंत्र."
माझ्या फॉर्ममध्ये मुरंब्याला रकाना नव्हता.

तिसऱ्या महिन्यात, काम कसं शोधलंत, विचारलं
तेव्हा आतून लोरीन ओरडली,
"सांग तिला त्या पासवर्डचं!"
चाळीस मैलांवरच्या गोदामाचा अर्ज.
पासवर्डात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा,
एक चिन्ह हवं.
तीन वेळा चुकला आणि दार बंद झालं.
सगळं सांगताना तो हातातली चावी
उगाचच फिरवत होता.
मी 'शोधतो आहे' वर टिचकी मारली.

चौथ्या महिन्यात
गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का,
हे मी जरा हळू विचारलं.
समोरून पोस्टाची गाडी गेली. कुत्रं भुंकलं, थांबलं.
"नाही," तो म्हणाला.

एवढंच.
नोकरी सुटली की माणूस सुटत नाही म्हणतात,
पण आकड्यातून सुटतो.
त्या क्षणापासून डेल्मर ह्रुस्का बेकार नव्हता.
कामावरही नव्हता.
पुढच्या महिन्यात पेपरात पहिल्या पानावर
सात पूर्णांक चारचे सहा पूर्णांक नऊ.
महापौरांनी समाधान व्यक्त केलं.
मी बातमी दोनदा वाचली. चूक काहीच नव्हती.

हिवाळ्यात तो एकदा दुकानात दिसला,
कांदे निवडत, एकेक दाबून बघत.
मी मान हलवली, त्यानेही.
विचारायचं काही नव्हतं,
आठ महिने मला विचारायचा अधिकार नव्हता.

पुन्हा उन्हाळा. पुन्हा निळं घर.
दार उघडलं विलनेर देरोझिएने.
सर्व्हे पत्त्याचा असतो, माणसांचा नाही,
हे प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात.
गेल्या आठवड्यात काम केलंत? एक तास तरी?
तो हसला. "कोणता तास नाही केलं?"
कोंबड्यांच्या कारखान्यात त्याचे साठ,
मिरलांदचे बावन्न,
तिच्या मनगटावर चिकटपट्टी, अजून ताजी.
दोन टिचक्या. सहा मिनिटांत मुलाखत संपली.

मी पायऱ्या उतरत होते तेव्हा त्याने हाक मारली.
"बाई, एक विचारू?
हा पोर्च कुणी रंगवला?
फार नीट काम आहे. टोकाची एकच फळी राहिली.
रंगाचं नाव मिळालं तर पुरी करीन म्हणतो."

रंगाचं नाव मला माहीत होतं.
त्या दिवशी डबा माझ्या पायाशीच होता,
तळाला एक बोटभर रंग उरलेला.

ज्या घरी जाऊ तिथलं काही
बाहेर बोलणार नाही, अशी आम्ही शपथ घेतो.
हात वर करून.
मोठ्याने.

"नाही माहीत," मी म्हणाले,
आणि त्या फळीवर पाय न देता
खाली उतरले.