वाढ नाही

पावसाळ्यात माझ्या गवताला खरोखरच भाले फुटतात.
आठवड्यातून दोनदा कापलं तरी
रविवारपर्यंत घोट्याला लागतं.
तुळशीचं लग्न लागलं की मात्र
मशीनला जांभया येऊ लागतात.
महिना लोटतो, आणि पातं
अंगठ्याच्या नखाएवढंच.

गोमा आणि त्याची बायको
वीटभट्टीची उचल घेऊन गेले कर्जतच्या पल्याड.
जाण्याआधी त्याने ब्लेडला धार लावली, तेल पुसलं,
गोणपाटात गुंडाळून ठेवलं.
"शिमगा झाला का येतू, ताय."
भट्टी पावसाच्या आधी सोडत नाही कुणाला.
मी "बरं" म्हणाले.

ऐरोलीत तीन सोसायट्या, घणसोलीत एक,
खाडीच्या अंगाला एक लग्नाचं लॉन,
एवढा माझा पसारा.
आणि टेम्पोचा हप्ता,
ज्याला ऋतू माहीत नाहीत.

सेक्टर आठचे सेक्रेटरी वेंगुर्लेकर
सहाव्या मजल्यावरून गवत बघतात,
उंटावरून शेळ्या.
माझं बिल त्यांनी लाल गोल करून परत पाठवलं:
"मढवीबाई, वाढ नाही, कापणी नाही,
मग पैसे कसले?"

काय सांगू?
थंडीत ते वर नाही, खाली वाढतं म्हणून?
खाली काय चाललंय ते मलाही दिसत नाही.
मला दिसतो फक्त लव्हाळा.
वरून ओढला तर हसतो,
एक गाठ मागे राहिली
की सात भावंडं घेऊन उगवतो.
त्याला बोट घालूनच काढावं लागतं,
उकिडवं बसून, वीतभर जागेला अर्धा तास.
सहाव्या मजल्यावरून हे
बाई बसून राहिली आहे असं दिसतं.

लग्नाच्या लॉनवरचं दुखणं वेगळं.
रात्री दीडला जिलेबीची कढई खाली उतरवतात,
सकाळी तिथे परातीएवढा तपकिरी गोल.
टाचांची भोकं, खुंट्यांची भोकं,
दवाने चिकटलेल्या अक्षता.
"संध्याकाळी दुसरी पार्टी आहे," मालक म्हणतो,
"हिरवं दिसलं पाहिजे."
मी करपलेलं चौकोनी कापते
आणि मागच्या भिंतीजवळची चकती आणून बसवते.
नवरीचे फोटो
मागच्या भिंतीजवळ कुणी काढत नाही.

बुटक्या गवताच्या पोटात मात्र काही राहत नाही.
जूनपासून गिळलेलं सगळं
जानेवारीत माझ्या बोटांना लागतं.
शटलची पिसं, स्कूटरची किल्ली,
एक दुधाचा दात, किंवा खडा असेल,
आणि परवा
कानात घालायचं यंत्र, बोराच्या आठळीएवढं.
मी बिस्किटांचा डबा ठेवलाय त्यासाठी.

वेंगुर्लेकरांच्या आई रोज आठला खाली येतात,
चपला बाकाशी काढून
दवावर चालतात, साडी जरा उचलून धरून.
मी डबा उघडून पुढे केला.
त्यांनी यंत्र उचललं, पदराला पुसलं,
कानात घातलं नाही.
"ह्याच्यापायी अख्खा पावसाळा बोलला तो मला."
"बॅटरी संपली असेल," मी मोठ्याने म्हणाले.
त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.
"चार महिने कसे छान गेले गं.
तुझ्याच डब्यात राहू दे."
आणि पुन्हा चालायला लागल्या,
पावलांमागे दवात गडद हिरवी वाट.

रात्री बिल नव्याने लिहायला बसले.
कापणी: नाही.
लव्हाळा: दोन गोणी.
लाल माती, शेणखत: पाट्या अकरा.
मग वाटलं, एवढं विचारतातच, तर
सापडलेल्या वस्तूही लिहाव्यात.
पेन जरा वेळ तिथेच थांबलं.
निरंक, असं लिहिलं.
खालची रक्कम
होती तीच ठेवली.