प्रश्न चौदावा

हैफामध्ये संध्याकाळी पाच ते नऊ
मी अनोळखी माणसांना फोन लावते.
ताशी पगार, कानांवर हेडफोन,
बंदराच्या बाजूची एक न उघडणारी खिडकी
आणि छत्तीस प्रश्न.

आमच्या भाषेत फोनवर आधी म्हणतात, शालोम.
चौदाव्या प्रश्नातही तोच शब्द आहे.
पहिल्याला सगळे ओ देतात,
अगदी तोंडात घास असतानाही.
चौदाव्याला घास गिळेपर्यंत थांबतात.

शांतता कराराला आपला पाठिंबा आहे का?
पूर्ण, थोडाफार, फारसा नाही, अजिबात नाही.
पाचवी चौकट 'सांगता येत नाही'ची.
ती मोठ्याने वाचायची नाही, असा नियम.

अश्कलोनचा एक प्लंबर म्हणाला, लिही, अजिबात नाही.
मग वीस मिनिटं बोलत राहिला गाझाच्या एका मिस्त्रीबद्दल,
ज्याने त्याला पोरवयात सांधा झाळायला शिकवलं.
हाताला काय सफाई होती, म्हणाला,
थेंब गळायचा नाही.
आहे की गेला, आता कुणाला विचारू?
वीस मिनिटांना तक्त्यात जागा नसते.
मी लिहिलं: अजिबात नाही.

ओफाकीमच्या बाई म्हणाल्या, पूर्ण पाठिंबा,
पण आधी त्यांनी माणसात यावं.
'पण'च्या पुढचं मी लिहीत नाही.

तिकडे जेनीनमध्ये बुथैना
हेच छत्तीस प्रश्न अरबीत घेऊन जिने चढते.
आमची गाठ महिन्यातून एकदा, पडद्यावर,
सायप्रसच्या ऑफिसातले साहेब मध्ये बसलेले.
वीज नसली की तिचा नुसता आवाज येतो.

ती म्हणते, चौदावा मी आता शेवटी विचारते,
त्यानंतर दारं लागतात.
एक निवृत्त मास्तर म्हणाले, पोरी, हा शब्द बदलून आण.
हा कागदावर आला
की मागोमाग बुलडोझर येतो.
एका बाईने सेजचा पाला घालून चहा दिला,
फळीवर मुलाचे बूट होते, पुसलेले,
त्यांच्याकडे न बघता म्हणाली, थोडाफार.
बुथैना दोन मजले उतरल्यावर वरून हाक आली:
ते खोड.
ती पुन्हा वर गेली, खोडरबर शोधू लागली,
तोवर बाई म्हणाली, राहू दे.

पंधरावा प्रश्न: समोरच्यांना शांतता हवी आहे, असं वाटतं का?
इथे काम सोपं होतं.
आम्हाला हवी, त्यांना कुठे?
हे मी हिब्रूत ऐकते, ती अरबीत.
दोन्ही रकाने शेजारी लावले
आणि वरची नावं साहेबांच्या कॉफीच्या मगाने झाकली,
तर आमचा कुठला ते मला सांगता आलं नाही.
मग उचलला. मगाचा ओला गोल तेवढा उरला.

काल रात्री नऊला दोन मिनिटं कमी असताना
नहारियाच्या ब्रुरियाबाई लागल्या. वय ब्याऐंशी.
तेरा प्रश्नांची उत्तरं खणखणीत दिली,
चौदाव्यावर म्हणाल्या,
आधी तू सांग.
तिकडचे काय म्हणाले?

नियम नववा: एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगू नये,
मत बाटतं.
आणि मला आठवत होतं, गेल्याच महिन्यात
अंधारातून बुथैना म्हणाली होती,
मला सगळ्यात जास्त विचारतात
तो प्रश्न आपल्या यादीत नाहीच.
तिकडचे काय म्हणतात?

त्यांच्याकडे किटली उकळत होती.
कोणीतरी उठून बंद करावी, इतका वेळ.
हॅलो, म्हणाल्या, आहेस ना?

दहा सेकंद उत्तर आलं नाही
की यंत्र आपण होऊन खूण करतं.
केली. पाचव्या चौकटीत,
ब्रुरियाबाईंच्या नावावर.

गप्प मी होते.